आठव्या दिवसाची रेघ

माझ्या खालच्या जबड्यातल्या उजव्या पहिल्या दाढेत माझ्या आयुष्याचा आठवा दिवस अडकून बसला आहे, हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या कृपेने कळलं. तोवर मी त्या दाढेने निवांत सुपारी फोडत होतो.

मी योएल रहमीम वाकरूळकर, राहणार इस्रायल आळी, अलिबाग. आम्ही बेने इस्रायल, या किनाऱ्यावरचे ज्यू. घरात मराठी बोलतो आणि प्रार्थना हिब्रूत करतो. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला गाड्या आणि माणसं नेणाऱ्या रो-रो बोटीचा मी कप्तान. अकरा वर्षांत बोटीला एक ओरखडा नाही. माणूस म्हणून मी जरा तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतरी माझी बायको मिल्का ते येईल त्याला सांगतेच. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला तर आधी माझा कोपर जातो, मग मान वळते. झोप माझी मांजराची. हे सगळं मी स्वभाव म्हणून खपवत आलो होतो.

त्या वर्षी बोटींवर दंतरेखक आला. हे यंत्र जाड पेनाएवढं असतं. अर्धं मिनिट तोंडात धरायचं, झालं काम. त्यामागचं शास्त्र जुनंच आहे. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, एका दिवसात तयार होत नाही. त्याच्या पेशी रोज एक पातळ थर चढवतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ज्या दिवशी शरीरावर मोठा घाला पडतो त्या दिवशी त्या पेशी अडखळतात आणि तिथे एक गडद रेघ राहते. जन्म हाच पहिला घाला, म्हणून पहिली रेघ जन्माची. तिथून पुढचे थर मोजले की दुसरी रेघ कितव्या दिवसाची ते सांगता येतं. दुधाचे दात पडून जातात, पण सहाव्या वर्षी उगवणारी पहिली पक्की दाढ आत हिरडीखाली जन्माच्या सुमारासच घडायला लागलेली असते. आणि इनॅमल एकदा तयार झालं की त्यात पुन्हा बदल नाही. पूर्वी हे वाचायला दात उपटून त्याचे काप करावे लागत. आता ते तोंडातल्या तोंडात जमू लागलं.

इथपर्यंत कोणाची काही तक्रार नव्हती. पण हजारो माणसांच्या दाढा वाचल्यावर संशोधकांच्या लक्षात आलं, की ज्यांच्या पहिल्या महिन्यात खोल रेघ आहे त्यांच्या शरीरात ताणाचं रसायन लवकर उसळतं आणि उशिरा उतरतं. तान्ह्या मेंदूत तेव्हा धोक्याची घंटा बसवली जात असते. त्याच दिवसांत मोठी वेदना झाली तर ती घंटा पुढे जन्मभर जरा स्पर्श झाला तरी वाजते. अशी माणसं दचकतात, चिडतात, कोणावर विसंबायला घाबरतात. सरासरीने, हं. 'सरासरीने' हा शब्द संशोधक प्रत्येक वाक्यात घालत आणि बातमीदार प्रत्येक वाक्यातून काढत. मग कोणीतरी दाखवून दिलं, की ज्या समाजांत तान्ह्या मुलांची सुंता होते तिथल्या पुरुषांच्या दाढांत नेमक्या त्या दिवसांच्या आसपास रेघांची गर्दी दिसते. त्यावर जो गदारोळ व्हायचा तो झाला. कंपन्यांनी गदारोळात न पडता आकडा तेवढा उचलला. त्याला नाव दिलं 'आरंभताण'. साठच्या वर आकडा असेल त्याला सुकाणूजवळ एकट्याने उभं राहायचं नाही, असा नियम झाला.

माझा आकडा आला एक्काहत्तर.

कंपनीच्या डॉक्टर तांबडेबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. काळ्यावर पांढऱ्या बारीक रेषा, त्यांत एक जाड.

"ही तुमची जन्मरेषा, कप्तान. आणि ही बघा, आठव्या दिवसाची. खूपच खोल आहे."

खाली छापलं होतं: संभाव्य कारण – सुंता.

"हे यंत्राला कसं कळलं?" मी विचारलं.

"यंत्राला दिवस कळतो, कारण नाही कळत. कारण ते तुमच्या समाजावरून भरतं." बाई जरा अवघडल्या. "पूर्ण अहवाल चार पानांचा आहे. घरी नीट वाचा. आणि याचा अर्थ तुम्ही वाईट कप्तान आहात असा होत नाही."

"मग बोट परत द्या."

"ते माझ्या हातात नाही हो."

मी चार पानं घडी करून खिशात घातली. पहिलं पान वाचून माझं पोट भरलं होतं. यंत्राने कारण भरलं नसतं तरी मी भरलंच असतं. आमच्यात मुलाच्या आठव्या दिवसाचा अर्थ एकच असतो. त्या दिवशी त्याची मिला होते, म्हणजे सुंता, आणि त्याच वेळी त्याला नाव मिळतं. ती कोणत्या दिवशी झाली असं आमच्यात कोणी कोणाला विचारत नाही. सूर्य कुठल्या दिशेला उगवला असं तरी कुठे कोण विचारतं?

आणि माझी मिला करणारा हात माझ्या वडिलांचा होता.

बाबांनी, म्हणजे रहमीम वाकरूळकरांनी, चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि तेवढीच वर्षं ते मोहेल होते. मिला करणाऱ्याला मोहेल म्हणतात. पेणपासून रेवदंड्यापर्यंत दोनशेच्या वर मुलं त्यांच्या हाताखालून गेली. आता ते बाहत्तर वर्षांचे होते, तरी एका दमात पेन्सिलीने सरळ रेघ मारत. त्या हाताचं मला लहानपणापासून कौतुक होतं, आणि आता तोच हात बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी बोटीच्या सुकाणूघराशी गेलो. चेहरा पाहून उघडणारं ते दार माझ्यासाठी उघडलंच नाही. आत हिरामण, कालपर्यंतचा माझा मदतनीस, काचेतून माझ्याकडे बघत होता आणि काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मी खाली उतरलो. मला धक्क्यावरचं काम मिळालं: हातवारे करून गाड्या बोटीत घ्यायच्या. माझी बोट माझ्यासमोर दिवसातून सहा वेळा निघून जायची आणि मी खाली उभा राहून तिला 'ये, ये, अजून ये' करायचो.

मजा अशी, की आकडा आधी आला आणि मग मी त्या आकड्यासारखा वागू लागलो. पूर्वी दचकायचो आणि विसरून जायचो. आता दचकलो की मनात यायचं, ही ती रेघ. मिल्कावर ओरडलो, ही ती रेघ. रात्री जाग आली की जिभेने त्या दाढेला चाचपायचो. ज्या दिवसाची मला आठवणसुद्धा नाही, त्या दिवसाने मला कोंडून ठेवलं होतं, आणि मला माझाच राग यायचा.

मिल्काला तेव्हा आठवा महिना होता.

*

मुलगा झाला डिसेंबरात, एका बुधवारी सकाळी. इस्रायल आळीत कितीतरी वर्षांत मुलगा जन्मला नव्हता. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आमच्याकडे दहावा पुरुष पेणहून एसटीने यायचा. त्यामुळे लोकांना झालेला आनंद मी समजू शकतो. कोणी नारळ आणले, कोणी मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे. पुढच्या बुधवारची तयारी मला न विचारताच सुरू झाली, कारण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मी मिल्काला म्हणालो, "मला त्याची मिला करायची नाही."

ती बाळाला पाजत होती. तिने मान वर केली नाही. "परत ती दाढ?"

"हो, ती दाढ! उद्या याला शाळेत घालताना ते यंत्र तोंडात घालतील. नोकरीला घालतील. जन्मभर हा आकडा घेऊन फिरेल, माझ्यासारखा."

"तुझ्यासारखा म्हणजे कसा? अकरा वर्षं बोट चालवणारा? माझा भाऊही आठव्या दिवसाचाच आहे. तो तर बॉम्ब फुटला तरी उठत नाही."

"सरासरीने म्हणतात ते."

"मग सरासरीची मिला करू नकोस," मिल्का म्हणाली. "योएल, माझ्या आजोबांपासून सगळ्यांना या दिवशी नाव मिळालं. याला काय हाक मारू मी? ए बाळा, म्हणून?"

तिचं चुकत नव्हतं आणि माझंही चुकत नव्हतं, आणि घर तर दोनच खोल्यांचं. मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो.

बाबा तिथे एक लाकडी खुर्ची पुसत बसले होते. एलियाहू हन्नाबींची खुर्ची. प्रत्येक मिलेला ती रिकामी मांडायची; नबी स्वतः येऊन बसतात असं आम्ही मानतो. भिंतीवर माझ्या मिलेचा फोटो होता. आई खुर्चीशेजारी बसलेली, तिच्या मांडीवर मी, चांगला गुटगुटीत, मान जराशी उचलून छायाचित्रकाराकडे टकामका बघणारा. हा फोटो मी जन्मभर पाहिलेला.

"बाबा, तुम्ही मला काय केलंत ते ठाऊक आहे तुम्हाला?"

त्यांचा फडका थांबला. मी खिशातलं पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं आणि बोलतच सुटलो. आठवा दिवस, एक्काहत्तर, बंद दार, कुकर, कोपर. तुमचा हात. तुमच्या त्या हाताने माझी बोट घालवली. आवाज चढत गेला तशी आत मिल्का बाळाला थोपटायला लागली.

बाबांनी चष्मा लावून ती जाड रेघ बराच वेळ पाहिली. "आठवा दिवस," ते पुटपुटले. मग फोटोकडे पाहिलं, आईकडे. आईला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्यांचे ओठ हलले.

"योएल, बस जरा. ऐकून तरी..."

"काय ऐकू? की देवाने सांगितलं होतं?"

ते गप्प राहिले. ते गप्प राहिले म्हणजे कबूल झाले, असं मी धरून चाललो.

*

बुधवारी सकाळी सात वाजता मिल्का न्हाणीघरात होती. तिला तेल लावायला आलेली बाई आणि लेआमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, दोघी आत. बाबा प्रार्थनेची पांढरी शाल घेऊन सिनेगॉगमध्ये गेलेले. मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, पावडरच्या दुधाची बाटली, वाटी-चमचा आणि डायपर पिशवीत टाकले आणि रिक्षा करून मांडव्याला गेलो.

माझा हिशोब सोपा होता. आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो. सहा वाजेपर्यंत काढले की आठवा दिवस टळला. मग शांतपणे बसून बोलू. माणसं जमलेली नसतील, खुर्ची मांडलेली नसेल, तेव्हा मिल्का ऐकेल. मुलाला एक दिवस ओलांडून द्यायचा, एवढंच. त्या क्षणी मला जगात माझ्याइतका चांगला बाप दुसरा कोणी नाही असं वाटत होतं.

प्रवासी म्हणून मी त्या बोटीवर पहिल्यांदाच बसलो. वर काचेत हिरामण दिसला. त्याने हात केला, मीही केला. फोन वाजू लागला तेव्हा बोट बंदराबाहेर होती. मिल्का. मी फोन बंद केला.

नऊच्या सुमाराला बाळ रडायला लागलं. मी बाटली तोंडाला लावली. त्याने ती जिभेने ढकलली. चमच्याने थोडं दूध घातलं, ते गिळलं आणि दोन मिनिटांत माझ्या शर्टावर आलं. भाऊच्या धक्क्यावर उतरून मी प्रवाशांच्या बाकावर बसलो आणि पुन्हा चमचा, पुन्हा उलटी. अकरा वाजले. बारा वाजले. मला वाटायचं भूक अनावर झाली की घेईल. त्याची मूठ माझ्या शर्टाचं बटण धरायची, तोंड इकडेतिकडे शोधायचं, आणि सापडलं नाही की तो असा काही रडायचा की माणसं वळून बघायची. पण समोर समुद्र, पलीकडे खुर्ची मांडलेली, मध्ये मी. परत जावं तर दिवस अजून शिल्लक. इथे थांबावं तर हे रडणं. मी तिथल्या तिथे येरझाऱ्या घालत राहिलो.

मासळीची पाटी रिकामी करून एक कोळीण शेजारी येऊन बसली.

"आई कुठं हाय याची?"

"येतेय."

"कवा येतेय? पोर भुकेलंय. आन इकडं, मी धरते जरा."

तिने माझ्या खांद्याला हात लावला आणि माझा कोपर गेला. तिला लागला नाही, पण ती चपापून मागे सरकली. मी माफी मागायलाही थांबलो नाही, दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसलो.

तीनच्या आसपास बाळ थांबलं. एकदम नाही, आवाज घोगरा झाला, मग बारीक झाला, मग नुसता श्वास. डोळे अर्धे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. मला हायसं वाटलं. म्हटलं, सवय झाली.

कोळीण जाताना माझ्यासमोर उभी राहिली. "गप बसलं म्हंजे निवलं आसं नसतं रं, भावा," ती म्हणाली. "जा घरी."

मी गेलो नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य बुडाला तो मी घड्याळ लावून पाहिला, आणि साडेसहाच्या बोटीत चढलो.

*

मांडव्याच्या धक्क्यावर बाबा उभे होते. सकाळी साडेआठपासून ते तिथेच होते, हे हिरामणने मला नंतर सांगितलं. लोक म्हणत होते पोलिसांत जा. बाबा म्हणाले, तो बोटीने गेलाय, बोटीनेच येईल. मागे शेजाऱ्यांच्या गाडीचं दार उघडं होतं आणि आत मिल्का बसली होती. तिच्या गाऊनचा पुढचा भाग दुधाने ओला झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात पुढे केले, बाळ घेतलं, ओढणीआड घेतलं. मग तिचा चेहरा बदलला.

"हा ओढत नाहीये," ती म्हणाली. "बाबा, हा दूध ओढत नाहीये."

गाडी घरी गेलीच नाही. अलिबागच्या दवाखान्यात त्या इवल्याशा हाताची शीर सापडेना, म्हणून डोक्यातली शोधून सलाईन लावलं. अंगातलं पाणी कमी झालंय, साखर उतरलीय, वेळेत आणलंत, वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. मिल्का काचेला हात लावून उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो तशी ती एक पाऊल बाजूला झाली.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो. माझ्या अंगाला दुधाच्या उलटीचा आंबूस वास येत होता.

"तुला सांगणार नव्हतो," ते म्हणाले. "तुझ्या आईला वचन दिलं होतं."

"काय?"

"तुझी मिला आठव्या दिवशी झालीच नाही."



"आठव्या दिवशी सकाळी तिला ताप चढला. बाळंतपणाचा ताप, भयंकर. खुर्ची मांडलेली, माणसं जमलेली. ती बरळायला लागली. मी तिला लाँचमध्ये घातलं आणि मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. तुला नेता येईना, लेआकडे ठेवलं. तेवीस दिवस ती पलीकडे आणि तू अलीकडे." बाबांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले. "लेआ सांगायची, चार दिवस तू रडलास. कोणाचं दूध घेईनास. पाचव्या दिवशी गप्प झालास. आळीतल्या बायका म्हणाल्या, काय गुणी पोर आहे, रडत नाही."

"आणि मिला?"

"आईने निरोप धाडला होता, मी आल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही. ती आली आणि एकतिसाव्या दिवशी तिच्या मांडीवर केली. आमच्यात बाई मांडीवर घेऊन बसत नाही. ती बसली. कोणाची बोलायची छाती झाली नाही. मग मला म्हणाली, मी याला टाकून गेले होते हे याला कधी सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगणार."

मला तो फोटो दिसायला लागला. टकामका बघणारा, मान जराशी उचललेला गुटगुटीत मी. आठ दिवसांच्या बाळाची मान कशी असते हे मला आता चांगलं ठाऊक होतं. दिवसभर मी ती तळहातावर सांभाळली होती. एकोणचाळीस वर्षं मी महिन्याच्या बाळाचा फोटो आठ दिवसांच्या बाळाचा म्हणून पाहत आलो होतो.

मी खिशातली चार पानं काढली. पहिलंच पान मऊ झालं होतं, बाकीची कोरी करकरीत. तिसऱ्या पानावर लहान अक्षरांत होतं: इतर नोंदी. दिवस एकतीस. रेघ मध्यम.

बाबांनी पान हातात घेतलं. त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही माझी," ते म्हणाले.

"बाबा, ती बारीक आहे. त्या दुसऱ्या रेघेपुढे काहीच नाही."

"आहे ना पण?" त्यांनी चष्मा काढला. "आम्ही म्हणायचो, वाइनचा थेंब जिभेवर ठेवला की बाळाला कळत नाही. दोनशे घरांत हे मी सांगितलं, योएल. आयांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसायचा, कारण माझा स्वतःचा होता." त्यांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. "म्हणजे लागत होतं तर."

मी बाबांना इतकं रडताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात अशी सवय नव्हती; दोघेही अवघडलो, पण मी हात काढला नाही.

*

बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं. बाबांनी मोहेलचं काम थांबवलं. जो कोणी बोलवायला येई त्याला ते सांगत, आधी भूल देणारा डॉक्टर आणा, मग मी प्रार्थना म्हणतो. हात मात्र आता डॉक्टरचा. काहींना ते पटलं, काहींनी दुसरा मोहेल शोधला. आमच्या मुलाचं काय, हे मिल्काने ठरवलं. मला त्यात मत उरलं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

"मोठा होऊन तो म्हणेल तेव्हा," ती बाबांना म्हणाली. "याच्या बाबतीत घाईघाईने कोणी काही करायचं नाही. ना तुम्ही, ना योएल."

नाव साध्या शनिवारी प्रार्थनेत ठेवलं, आशेर. पेणचा दहावा पुरुष आला होता. मिल्का माझ्याशी सव्वा महिना बोलली नाही. मग एके दिवशी 'कुकर लावतेय, दचकू नकोस' म्हणाली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

आशेर शांत निघाला. फार शांत. दुसऱ्यांची पोरं आई दारातून बाहेर पडली की भोकाड पसरायची. हा एकही अश्रू न काढता दाराकडे बघत बसायचा, ती परत येईपर्यंत. लोक म्हणायचे, काय गुणी मुलगा आहे. ते ऐकलं की मी तिथून उठायचो. त्याला मागून हात लावायचा नाही, हे आम्ही दोघं न बोलता शिकलो.

सहाव्या वर्षी त्याची पहिली पक्की दाढ आली. शाळेने पत्र पाठवलं: प्रवेशापूर्वी दंतरेखन आवश्यक.

तांबडेबाईंनी आता कंपनी सोडून गावात दवाखाना काढला होता. आशेरने आ केला, अर्धं मिनिट धरला. बाईंनी पडदा पाहिला, आणि तो माझ्याकडे वळवायला त्यांना जरा वेळ लागला.

जन्माची रेघ. मग सात बारीक थर. मग ती.

"आठवा दिवस," बाई हळूच म्हणाल्या. "अडुसष्ट. यंत्राने कारण भरलंय. पालक म्हणून तुम्ही खाली सही करायची. काही चुकीचं असेल तर खोडून बरोबर लिहायचं."

संभाव्य कारण – सुंता.

सही करून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. शाळा कपडे काढून बघणार नव्हती. आमच्या समाजाचं नाव आणि आठवा दिवस; यंत्राला पटलं होतं, जगाला पटलं असतं. खोडलं तर कारण लिहावं लागणार, आणि ते कारण आशेरच्या कागदांत तो मोठा होईपर्यंत, नोकरी लागेपर्यंत, माझ्या वयाचा होईपर्यंत राहणार. मी पेन धरून बसलो. माझा हात बाबांसारखा स्थिर कधीच नव्हता.

आशेर खुर्चीवरून खाली उतरला आणि माझ्या गुडघ्याशी उभा राहिला. तो नुकताच अक्षरं जुळवायला लागला होता. मी 'सुंता' खोडलं आणि त्याच्यापुढे एक शब्द लिहिला.

त्याने बोट ठेवून वाचला, एकेक अक्षर सुटं करून. "व... डी... ल."

मग माझ्याकडे वर पाहिलं. "पप्पा, हे तर तू."

"हो," मी म्हणालो.

तो दाराकडे बघायचा तसा माझ्याकडे बघत राहिला, मी पुढे काही सांगतो का याची वाट पाहत. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं, समोरून, त्याला दिसेल असं. आणि त्या दिवशी सकाळी आपण बोटीने कुठे गेलो होतो, इथून सांगायला सुरुवात केली.